पुढे काय लिहिलं?

जुलै १९५७ मध्ये ज्युझेप्पे तोमासी दी लाम्पेदुसा रोममध्ये मेहुणीच्या घरी अंथरुणाला खिळून होता. वय साठ, फुप्फुसाचा कर्करोग, बरं होण्याची आशा जवळपास संपलेली. अशात त्याच्या हाती एक पत्र पडलं. एइनाउदी या नामवंत प्रकाशनसंस्थेसाठी हस्तलिखितं वाचणाऱ्या एलिओ व्हित्तोरिनी या लेखकाने त्याची कादंबरी नाकारली होती. त्याआधी मोंदादोरीनेही ती साभार परत केली होती. २३ जुलैला लाम्पेदुसा गेला. नोव्हेंबर १९५८ मध्ये फेल्त्रिनेल्लीने ती कादंबरी छापली आणि १९५९ साली तिला इटलीतला मानाचा स्त्रेगा पुरस्कार मिळाला. मूळ नाव ‘इल गात्तोपार्दो’, इंग्रजीत ‘द लेपर्ड’. छापील प्रत हातात घेणं काही लेखकाच्या नशिबी नव्हतं.

ही हकिकत सांगणारे बहुतेक जण त्या नकारापाशी थांबतात. मी मात्र वर्षानुवर्षं त्याच्या आधीच्या काळापाशी घुटमळते आहे. तरुणपणी एका मासिकात छापून आलेले काही समीक्षालेख सोडले, तर पन्नाशी उलटून बरीच वर्षं होईपर्यंत या माणसाने प्रकाशनासाठी काहीही लिहिलं नव्हतं. सिसिलीतल्या एका जुन्या, उतरणीला लागलेल्या सरदार घराण्याचा तो वारस. पहिल्या महायुद्धात शत्रूच्या हाती सापडला, हंगेरीतल्या युद्धकैद्यांच्या छावणीतून निसटला. लग्न केलं ते बाल्टिक प्रदेशातल्या आलेक्सांद्रा वोल्फ या मनोविश्लेषक स्त्रीशी. बाकी आयुष्यभर त्याने एकच काम मनापासून केलं: वाचन. पालेर्मोच्या कॅफेत तासन्‌तास वाचत बसायचं, सोबत पुस्तकांनी भरलेली पिशवी, आणि त्यात बहुधा शेक्सपिअरचा एखादा खंड. पुढे त्याच्याभोवती काही तरुण मुलं जमली. त्यांना तो घरी इंग्रजी आणि फ्रेंच साहित्य शिकवू लागला. त्यासाठी त्याने शेकडो पानांची टिपणं काढली. ना पगार, ना पद. समोर ऐकणारी मुलं आहेत एवढंच त्याला पुरेसं होतं.

एप्रिल १९४३ मध्ये अमेरिकन बाँबहल्ल्यात पालेर्मोतला त्याचा वाडा उद्ध्वस्त झाला. तो याच वाड्यात जन्मला होता, आणि मरणही तिथेच यावं अशी त्याची इच्छा होती. आठवणी लिहायला बसला तेव्हा त्याने त्या घराबद्दल खोलीमागून खोली असं लिहिलं आहे. ते वाचताना कळतं की कादंबरीतल्या वाड्यांना, जिन्यांना, बंद पडलेल्या दालनांना इतका खरा वास कुठून आला.

मग १९५४ चा उन्हाळा आला. त्याचा मावसभाऊ लुचिओ पिक्कोलो कविता लिहायचा, आणि त्या कविता एउजेनिओ मोन्ताले या मोठ्या कवीच्या नजरेत भरल्या. सान पेल्लेग्रीनोला लेखकांचं संमेलन होतं. लुचिओला तिथे बोलावणं आलं, आणि लाम्पेदुसा त्याची सोबत म्हणून गेला. परतल्यावर थोड्याच काळात तो लिहायला बसला. लुचिओपेक्षा आपण काही जास्त मूर्ख नाही, याची खात्री पटली म्हणून लिहायला घेतलं, असं त्याने नंतर एका मित्राला पत्रात कळवलं होतं. पुढच्या अडीच-तीन वर्षांत कादंबरी, काही कथा, आठवणी असं सगळं झालं आणि आयुष्य संपलं.

आमच्या वाचनकट्ट्यावर ‘द लेपर्ड’विषयी बोलून झालं, तेव्हा पहिला प्रश्न आला, “यांनी पुढे काय लिहिलं?” लेखक गेला होता, असं सांगितल्यावर सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली. हळहळ खरी होती, पण तिच्या तळाशी एक हिशेब होता तो मला खटकला. एक कादंबरी म्हणजे सुरुवात, खरा लेखक पुढच्या चार-पाच पुस्तकांत दिसतो, आणि ती नसतील तर काहीतरी अर्धवट राहिलं, असा तो हिशेब. मला तो पटत नाही. ‘द लेपर्ड’मध्ये मला कशाचीच सुरुवात दिसत नाही. साठ वर्षांचं पाहणं, वाचणं, गमावणं त्या दोन-तीनशे पानांत येऊन पोचलेलं दिसतं.

त्यातला कुत्राच पाहा. बेन्दिको नावाचा हा दांडगा ग्रेट डेन कादंबरीच्या पहिल्याच प्रसंगात भेटतो. मे १८६० मध्ये सालिना घराण्याच्या वाड्यात संध्याकाळची प्रार्थना संपते, दार उघडतं आणि तो उड्या मारत आत येतो. पुढे इटलीच्या एकीकरणासाठी लढणाऱ्या गॅरिबाल्डीची फौज सिसिलीत उतरते, जुनी सत्ता जाते, नवे श्रीमंत येतात, लग्नं होतात, सालिना घराण्याचा प्रमुख असलेला प्रिन्स म्हातारा होऊन मरतो. शेवटचं प्रकरण १९१० चं. प्रिन्सची मुलगी कोन्चेत्ता आता वृद्ध आणि अविवाहित आहे. कुत्रा मेल्यावर त्याच्या कातड्यात पेंढा भरून ठेवलेला आहे. इतक्या वर्षांत त्याला कसर लागली आहे, त्यावर धूळ आणि जाळी साचली आहेत. त्याच्या काचेच्या डोळ्यांत तक्रार आहे असं कोन्चेत्ताला वाटतं, आणि ती तो फेकून द्यायला सांगते. खिडकीतून खाली पडताना क्षणभर त्या सापळ्याला आकार येतो. हवेत मिशांचं एक चतुष्पाद जनावर नाचत असल्यासारखं, पुढचा उजवा पाय शाप देताना उगारावा तसा वर. मग अंगणाच्या कोपऱ्यात धुळीचा ढीग. कादंबरी तिथे संपते.

बेन्दिको हे फार महत्त्वाचं पात्र आहे, जवळजवळ कादंबरीची किल्लीच, असं लाम्पेदुसाने एका स्नेह्याला लिहिलं होतं. ते कळल्यावर मी पुस्तक परत उघडलं आणि फक्त कुत्र्याचा माग काढत गेले. कुत्रा नुसता आनंदी आहे. सगळी माणसं हिशेब करत असताना तो खड्डे उकरतो, फुलझाडांची नासधूस करतो, शेपूट हलवतो. घराण्याच्या अस्ताबद्दल भाषण करण्याऐवजी लेखकाने हे एक जनावर पन्नास वर्षं घरात ठेवलं आणि शेवटी फेकलं. नुसत्या कसबावर एवढा धीर येत नाही. त्याला लेखकाच्या स्वतःच्या घरातून काहीतरी फेकलं गेलेलं असावं लागतं.

एमिली ब्रॉण्टे या इंग्रज लेखिकेच्या बाबतीतही लोक पुढच्या पुस्तकाचा असाच हिशेब मांडतात. तिची एकमेव कादंबरी ‘वुदरिंग हाइट्स’ डिसेंबर १८४७ मध्ये आली आणि डिसेंबर १८४८ मध्ये ती गेली, तिशीत. प्रकाशकाच्या एका पत्रात दुसऱ्या कादंबरीचा उल्लेख सापडतो, त्यावरून दीडशेहून जास्त वर्षं तर्क चालू आहेत. असेनात. मी ती वाट लवकर सोडते, कारण तिचं आयुष्यच मुळात छोटं होतं. मला विचार करायला लावतात ती भरपूर जगलेली, आणि तरीही दुसरी कादंबरी न दिलेली माणसं.

हुआन रुल्फो त्यांच्यातला सगळ्यात जवळचा. मेक्सिकोतल्या खालिस्को प्रांतात १९१७ साली जन्मलेला. सहा वर्षांचा असताना वडिलांचा खून झाला, दहाव्या वर्षी आई गेली, मग ग्वादालाहाराच्या अनाथाश्रमात शिक्षण. भोवती सरकार आणि चर्च यांच्यात पेटलेलं क्रिस्तेरो युद्ध, ओस पडत चाललेली गावं. मोठेपणी नोकऱ्या केल्या: स्थलांतर कार्यालयात कारकुनी, मग टायर कंपनीचा विक्रेता म्हणून देशभर भटकंती. १९५३ मध्ये कथासंग्रह आला आणि १९५५ मध्ये ‘पेद्रो पारामो’. पहिल्या आवृत्तीच्या दोन हजार प्रती खपायलाही वेळ लागला. पुढे १९८० साली ‘एल गायो दे ओरो’ नावाची त्याची एक लघुकादंबरी छापून आली, पण ती पन्नाशीच्या दशकात सिनेमासाठी म्हणून लिहिलेली. रुल्फोची कादंबरी म्हटलं की जगभरच्या वाचकाला आठवते ती एकच.

कथा सांगायला सोपी वाटते. आईला मरताना दिलेलं वचन पाळण्यासाठी हुआन प्रेसियादो कधीही न पाहिलेल्या बापाच्या शोधात कोमाला गावी येतो. रस्ता दाखवणारा भेटतो, राहायला जागा देणारी बाई भेटते, आवाज ऐकू येतात. हळूहळू ध्यानात येतं की भेटणारे सगळे मेलेले आहेत. पण मला उभं कापलं ते त्यानंतर. पुस्तकाच्या मध्यावर कळतं की हुआन स्वतःही मेला आहे, त्या कुजबुजींनीच त्याचा जीव घेतला, आणि आतापर्यंत तो जे सांगत होता ते दोरोतेआ नावाच्या बाईला, एकाच थडग्यात तिच्या शेजारी पडून. मी पाठीमागची पानं उलटत गेले. कुठेही फसवलेलं नव्हतं. सुरुवातीपासून तो निवांत आवाज मातीखालूनच येत होता, मला ऐकू आला नव्हता इतकंच.

गार्सिया मार्केस या कोलंबियन कादंबरीकाराने या पुस्तकाशी झालेली पहिली भेट लिहून ठेवली आहे. १९६१ मध्ये तो मेक्सिकोत आला तेव्हा आपल्या लेखनाला पुढची वाट सापडत नाही अशा कोंडीत होता. आल्व्हारो मूतिस हा मित्र पुस्तकांचा गठ्ठा घेऊन जिने चढून आला, त्यातलं सर्वात बारकं पुस्तक काढून त्याच्या हाती दिलं आणि वाच, म्हणजे शिकशील, अशा अर्थाचं काहीतरी शिवीसकट सुनावून गेला. मार्केस त्या रात्री पुस्तक दोनदा वाचून झाल्याशिवाय झोपला नाही. पुढे त्याला ते जवळजवळ पाठ झालं होतं.

आणि रुल्फो? साठीच्या दशकापासून १९८६ मध्ये मरेपर्यंत तो मेक्सिकोच्या आदिवासीविषयक राष्ट्रीय संस्थेत संपादकाचं काम करत होता. मानववंशशास्त्राची पुस्तकं, आदिवासी समाजांचे अभ्यास, हे सगळं त्याच्या टेबलावरून छापायला जायचं. शिवाय त्याची छायाचित्रं: उघडी माळरानं, पडक्या भिंती, काळ्या शालीत गुंडाळलेल्या बायका. ‘ला कोर्दिल्येरा’ नावाची कादंबरी लिहितो आहे, असं तो म्हणायचा, लोक वाट पाहायचे, ती आली नाही. कराकसमध्ये विद्यार्थ्यांनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, मला गोष्टी सांगणारे सेलेरिनोकाका वारले. लोक हसले असतील. मला त्या उत्तरात टाळाटाळ दिसत नाही. बालपणीच मेलेल्यांच्या गावात राहिलेल्या माणसाला ते आवाज कुणीतरी दिले होते. ते आवाज जेवढे होते तेवढे त्याने लिहिले, मग दुसऱ्यांचे आवाज नीट छापले जावेत म्हणून वीसएक वर्षं शुद्ध मनाने प्रुफं तपासली. यात लेखकाचा ऱ्हास कुठे आहे?

हा प्रश्न मला मराठीतही सतावतो, तो विश्राम बेडेकरांमुळे. ‘रणांगण’ १९३९ साली आली. त्यांची एकुलती एक कादंबरी. आमच्या मावशीने ती कॉलेजात असताना वाचली होती. आज तिला कालचं जेवण आठवत नाही, पण हॅर्टाचं नाव काढलं की ती गप्प होते आणि मग म्हणते, “त्या मुलीला मुंबईला उतरवून घ्यायला हवं होतं गं.” जणू बोट अजून बंदरात उभी आहे.

बोटीवरची ती गोष्ट मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. प्रेमात पोळलेला, बायकांबद्दल मनात अढी धरून बसलेला चक्रधर विध्वंस हा नायक युरोपातून मायदेशी निघाला आहे. त्याच बोटीवर हिटलरच्या जर्मनीतून हाकललेले ज्यू आहेत, त्यांत हॅर्टा आहे. मोजक्या दिवसांत दोघं एकमेकांत गुंततात, आणि दोघांनाही ठाऊक असतं की मुंबई आली की तो उतरणार आणि ती पुढे जाणार. पुढे कुठे? जिथे कुणी आपलं नाही अशा दूरच्या किनाऱ्याकडे. त्या काळात जेनोआ आणि त्रिएस्तेहून सुटणाऱ्या इटालियन बोटी सुएझ, मुंबई, कोलंबो करत शांघायला जात. शांघायमध्ये उतरायला व्हिसा लागत नव्हता, म्हणून युद्ध पेटण्याच्या आसपास अठरा-वीस हजार ज्यू तिथे पोचले. अशा बोटी आपल्या बंदराला लागून पुढे जात होत्या. स्वतः बेडेकर इंग्लंडहून परतताना अशा सहप्रवाशांबरोबर होते, आणि ज्या वर्षी महायुद्ध सुरू झालं त्याच वर्षी त्यांचं पुस्तक मराठीत छापून आलं.

या वेळेकडे आपण पुरेसं लक्ष दिलं नाही असं मला वाटतं. गॅस चेंबरचं नाव जगाला माहीत होण्याच्या कितीतरी आधी एका मराठी लेखकाने त्या लोकांची माणसं म्हणून ओळख करून दिली. बिचारे किंवा बळी म्हणून ती समोर येत नाहीत. ती बोटीवर खातात, भांडतात, प्रेमात पडतात, लहान मुलाला मांडीवर घेतात. आणि पुस्तक जेमतेम. एका बोटीच्या प्रवासाला जेवढा वेळ, तेवढंच. हॅर्टाने समुद्रात उडी घेतल्याचं कळल्यावर चक्रधरला जे होतं ते बेडेकर लांबवत नाहीत. दुसरा कुणी असता तर तिथे शंभर पानं वाढवली असती.

मग बेडेकरांनी पुढे काय केलं? प्रभातच्या ‘शेजारी’ची कथा त्यांची. ‘रामशास्त्री’च्या दिग्दर्शनात ते होते. ‘रुस्तम सोहराब’ त्यांनी दिग्दर्शित केला. ‘टिळक आणि आगरकर’ हे नाटक लिहिलं, ते अजूनही हातात घेतलं की खाली ठेववत नाही. ‘एक झाड आणि दोन पक्षी’ हे आत्मचरित्र लिहिलं, त्याला १९८५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. १९८६ मध्ये मुंबईच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. त्यांच्याच घरात मालतीबाई, म्हणजे विभावरी शिरूरकर, एकाहून अधिक कादंबऱ्या लिहीत होत्या. तेव्हा घरात कादंबरीचं वातावरण नव्हतं असंही नाही. आत्मचरित्राचं नाव उपनिषदातून आलेलं: एक पक्षी फळ खातो, दुसरा नुसता पाहतो. मला वाटतं बेडेकरांच्या बाबतीत त्या बोटीवर दोन्ही पक्षी एकाच वेळी जागे झाले. एक होरपळत होता, दुसरा टिपून घेत होता. असा योग पुन्हा आला नाही, आणि आला नसताना त्यांनी कादंबरी लिहिली नाही. पुढची साठेक वर्षं त्यांनी हे पाळलं. मी त्याला नैतिक निर्णय मानते.

दुसरी कादंबरी नाही हे वाचकाला सोसत नाही, आणि प्रकाशकाला तर अजिबात नाही. हार्पर ली या अमेरिकन लेखिकेच्या बाबतीत काय झालं ते आपण डोळ्यांनी पाहिलं. ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ १९६० साली आली, १९६१ मध्ये तिला पुलित्झर मिळालं. त्यानंतर पन्नासहून अधिक वर्षं तिने कादंबरी छापली नाही. जुलै २०१५ मध्ये ‘गो सेट अ वॉचमन’ बाजारात आली. तेव्हा ली ८९ वर्षांची, वृद्धांसाठीच्या निवासात, आणि तिच्या व्यवहारांची काळजी घेणारी थोरली बहीण अॅलिस आदल्या वर्षीच वारलेली. हे पुस्तक म्हणजे काही नवी कादंबरी नव्हती. पन्नाशीच्या दशकातला जुना खर्डा होता तो, ज्यातून टे हॉहॉफ या संपादिकेने लीला पुनःपुन्हा लिहायला लावून ‘मॉकिंगबर्ड’ घडवून घेतली होती. तो खर्डा अभ्यासकांसाठी, खर्डा म्हणून छापला असता तर माझी काहीच तक्रार नव्हती. पण तो ‘मॉकिंगबर्ड’मधल्या न्यायासाठी उभ्या राहणाऱ्या वकिलाच्या, अॅटिकस फिंचच्या, कथेचा पुढचा भाग असल्यासारखा विकला गेला, आणि अॅटिकसला आदर्श मानून मोठी झालेली माणसं त्यातला वंशद्वेषी म्हातारा वाचून हादरली. लीने स्वतः जे मागे टाकलं होतं ते तिच्या हयातीत तिच्याच नावावर पुढचं पुस्तक म्हणून उभं केलं गेलं. मला त्याचा अजूनही राग येतो.

राल्फ एलिसन या कृष्णवर्णीय अमेरिकन कादंबरीकाराची गोष्ट याहून अवघड आहे, कारण त्याला दुसरी कादंबरी हवी होती. ‘इन्व्हिजिबल मॅन’ १९५२ ची. त्यानंतर १९९४ मध्ये मरेपर्यंत तो दुसरीवर काम करत राहिला. १९६७ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या त्याच्या घराला आग लागली, हस्तलिखिताचा काही भाग जळाला. तरी हजारो पानं साचत गेली. प्रसंगांची, भाषणांची, एकाच दृश्याच्या अनेक रूपांची. १९९९ मध्ये त्याच्या साहित्याची जबाबदारी सांभाळणाऱ्या जॉन कॅलहन यांनी त्यातून एक सलग कथन वेगळं काढून ‘जूनटीन्थ’ या नावाने छापलं, आणि २०१० मध्ये उरलेला ऐवज हजाराहून अधिक पानांच्या ग्रंथात आणला. मला त्या दुसऱ्या ग्रंथाबद्दल आदर आहे. तो म्हणतो, हे अपूर्ण आहे, इथे इथे लेखक अडला होता. वाचताना एक मोठा माणूस आपल्या देशाबद्दल चाळीस वर्षं विचार करताना दिसतो, आणि त्याला शेवट सापडत नाही हेही दिसतं. त्या देशालाही सापडलेला नव्हता. ‘जूनटीन्थ’मध्ये मात्र कुणीतरी कापून, जुळवून, एलिसनला न सुचलेलं पूर्णत्व आणून दिलं. कॅलहन यांचा हेतू प्रेमाचाच होता, हे मी मान्य करते. तरी त्या पुस्तकाला कादंबरी म्हणायला मन धजत नाही.

लाम्पेदुसानेही दुसरी सुरू केली होती. मरणाच्या वर्षी त्याने तिचं पहिलं प्रकरण लिहिलं: ‘आंधळी मांजरपिल्लं’. त्यात सालिनांसारखं जुनं घराणं नाही. इब्बा नावाचं नवं जमीनदार घर आहे, गरिबांचे आणि सरदारांचे तुकडे गिळत वाढलेलं, आणि त्यांच्या भिंतीवर जमिनीचा एक लांबलचक नकाशा आहे. जे जे त्यांचं झालं ते ते पिवळ्या रंगात. ते प्रकरण त्याच्या कथांबरोबर, पहिलं प्रकरण असं स्पष्ट सांगून छापलेलं आहे. कुणी त्याला दुसरं प्रकरण जोडलेलं नाही. मी ते वाचलं आहे, त्या नकाशावर बराच वेळ रेंगाळलेही आहे. इब्बांचं पुढे काय झालं हे मला ठाऊक नाही, आणि उद्या कुणी ते लिहून पुरं करून दिलं तरी मी ते घेणार नाही.